भाताचा जीनोम जपानी जातीचा, मग बेळगाव बासमतीला त्याचा काय उपयोग?

प्रश्न: भातशिवार, खानापूर
आमच्या गावात बेळगाव बासमती लावणारी घरे आता थोडीच उरली आहेत. बाकीच्या शिवारात इंद्रायणी दिसते. वर्गात भाताच्या जीनोमविषयी, म्हणजे त्याच्या संपूर्ण जनुकीय मजकुराविषयी, शिकवताना मला दोन शंका येतात. एकाच पिकाचा जीनोम वाचण्याचे काम दहा देशांनी का वाटून घेतले? आणि वाचलेली जात जपानची 'निप्पोनबारे' असताना आमच्या वासाच्या भाताला त्यातून काय मिळाले?

उत्तर: पेशीपेरणी, धारवाड
सर, भाताच्या जीनोममध्ये सुमारे ३८.९ कोटी अक्षरे (डीएनएचे घटक) आहेत आणि वाचताना दहा हजार अक्षरांमागे एकाहून अधिक चूक नसावी असा दंडक होता. त्या काळच्या यंत्रांवर हे एका प्रयोगशाळेला पेलणारे नव्हते. म्हणून बारा गुणसूत्रे वाटून घेतली. जपानने सर्वाधिक भार उचलला, तर भारताकडे अमेरिकेबरोबर अकरावे आले. ते रोगप्रतिकारक जनुकांनी भरलेले असून कडा करपा या भाताच्या जिवाणूजन्य रोगाला रोखणारे एक्सए-२१ हे जनुकही त्याच गुणसूत्रावर बसते. काम २००४ च्या अखेरीस संपले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांनी एकच जात घेतली नसती, तर तुकडे एकमेकांना जुळलेच नसते. निप्पोनबारेची निवड त्यासाठी होती, ती श्रेष्ठ जात म्हणून नव्हे.

उत्तर: मळणी, बेळगाव
वासाचे जनुक मात्र आठव्या गुणसूत्रावर आहे आणि ते जपानच्या वाट्याचे होते. तरीही माहिती सर्वांना खुली असल्यामुळे, बासमतीसारख्या अनेक सुवासिक जातींत त्या जनुकातील आठ अक्षरे गळालेली असतात, हे निप्पोनबारेशी ताडून पाहता येते. आपल्या बासमतीत हीच गळती आहे का, हे तपासायला पुन्हा सगळा जीनोम वाचण्याची गरज नाही. पानाचा तुकडा आणि मार्कर चाचणी, म्हणजे डीएनएतील फक्त त्या जागेची तपासणी, पुरते.

उत्तर: भातशिवार, खानापूर
म्हणजे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही हे होऊ शकेल का?

उत्तर: पेशीपेरणी, धारवाड
पीसीआर यंत्र (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारे) असेल तर होईल. पण नमुने घेताना प्रत्येक घरचे बियाणे वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर गाव आणि बियाणे कुणाकडून आले ते लिहावे, कारण एकाच नावाखाली वेगवेगळे वाण फिरत असतात. तुलनेसाठी इंद्रायणी आणि वास नसलेली एखादी जातही सोबत घ्यावी.