माकडाचं पोट फुगून मृत्यू, बाकीच्यांना लागण होईल का?

रानभैरी: नमस्कार मंडळी, मी सुट्टीच्या दिवशी एका प्राणी बचाव केंद्रात मदतीला जाते. तिथली एक लाल तोंडाची माकडीण परवा सकाळी पिंजऱ्यात मेलेली सापडली, पोट फुगून नुसतं टम्म. आदल्या दिवशी रक्त घ्यायचं म्हणून भूल दिली होती, त्यामुळे दिवसभर उपाशी, मग संध्याकाळी सगळ्यांनी मायेने चपाती केळी शेंगदाणे जे मिळेल ते घातलं. पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू सापडल्याचं लिहून आलंय. आता सगळ्याच माकडांना अँटिबायोटिक सुरू करायचं चाललंय, करावं का?

ढोरांचा डॉक्टर: अजिबात नको. हे साथीसारखं पसरत नाही. हा जंतू मातीत असतो, धडधाकट माकडाच्या आतड्यातही थोडाफार असतोच. उपासानंतर एकदम ठासून खाल्लं, वर पाणी प्यालं की गच्च भरलेल्या पोटात तो झपाट्याने वाढून गॅस करतो, त्यात भुलीने पोटाची हालचाल मंदावली असेल तर विचारूच नका. फुगलेलं पोट छातीवर दाबतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, जनावर शॉकमध्ये जातं आणि काही तासांत खेळ खल्लास. रात्री झालं तर सकाळी मेलेलंच दिसतं. आणि पीएम कधी झालं ते बघा, मेल्यावरही हा जंतू भराभर वाढतो, नुसता सापडला म्हणजे त्यानेच मारलं असं नाही.

गोठेवाला: आमच्याकडे म्हशीला पोटफुगी झाली की गोडेतेल पाजतात, माकडाला चालेल का डॉक्टर?

ढोरांचा डॉक्टर: नको हो दादा, धापा टाकणाऱ्या माकडाला पाजलं तर सरळ फुफ्फुसात जायचं. तोंडातून नळी पोटात घालून गॅस काढायचा नि सलाईन लावायचं, ते पण डॉक्टरनेच. भुलीनंतर थोडं थोडं करून दोनतीनदा खायला द्या, बस.

पिंजरेवाले काका: लागणीचीच भीती असेल तर शिगेला या जुलाबाच्या जंतूकडे बघा ताई. माकडं तो बहुतेक माणसांकडूनच उचलतात आणि मग आपल्यालाही परत देतात. रक्त नि शेंबूड पडणारे जुलाब, माकड कोपऱ्यात अंग चोरून बसतं, हाताला धरायला गेलं तरी ओरडत नाही. असं दिसलं की लगेच वेगळं काढा, विष्ठा तपासायला पाठवा. हातमोजे न घालता पिंजरा धुणारे बहाद्दर आमच्याकडेही आहेत, सांगून सांगून दमलो.

रानभैरी: धन्यवाद सगळ्यांना. पीएम दुसऱ्या दिवशी झालं आणि तोवर लाइट नव्हती, म्हणजे माकडीण थंडही ठेवता आली नाही. डॉक्टर, हे रिपोर्टवाल्यांना विचारतेच. जुलाब सध्या कुणालाच नाहीत.