जाती की प्रजाती?

टिटवी: जिराफांवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. २०१६च्या जनुकीय अभ्यासानुसार जिराफाच्या एक नव्हे, चार प्रजाती आहेत, असं मी लिहिलं ('species'साठी). संपादकांनी सगळीकडे 'जाती' केलं. मी तर कायम 'दुर्मिळ प्रजाती'च वाचत आलेय.

काटेसावर: संपादकांचं बरोबर आहे. शाळेतली उतरंड आठवा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वाघ, सिंह, बिबट्या एका प्रजातीतले. वाघ ही त्यातली एक जाती. आमचे वनस्पतिशास्त्राचे सर यात गल्लत झाली की गुण कापत. हा घोळ हिंदीतून आलाय. तिकडे वरच्या पायरीला 'वंश' आहे, म्हणून 'प्रजाति' मोकळा राहतो. आपण वरच्या पायरीला काय म्हणायचं?

रानवाट: बोलताना कोण पाळतं हे? 'कुत्र्याची जात कोणती?' असं सगळेच विचारतात. तुमच्या हिशेबाने सगळे कुत्रे एकाच जातीचे. शिवाय 'जात' म्हटलं की माणसांतली उतरंड आधी आठवते.

जुनं दप्तर: 'प्रजा' म्हणजे संतती. ज्यांची आपापसांत प्रजा होते ती प्रजाती. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांची १९४२ची व्याख्या हीच.

काटेसावर: 'जाती'तही तोच 'जन्' धातू आहे! आणि मायर यांची व्याख्या घोडा-गाढवाला चपखल बसते: गुणसूत्रं ६४ आणि ६२, खेचराची ६३, म्हणून ते बहुधा वांझ. पण नुसते विभागून वाढणारे जिवाणू? जीवाश्म? जिराफांचाही प्राणिसंग्रहालयांत संकर होतो. चार म्हणणारे जनुकांवरून म्हणतात.

रानवाट: मला खटकतो तो 'जातिनिर्मिती', म्हणजे नवी जाती तयार होण्यासाठीचा शब्द. कुणीतरी घडवतंय असं वाटतं. जात फुटते. पनामाची संयोगभूमी (दोन अमेरिकांना जोडणारी चिंचोळी जमीन) वर आली, समुद्र दुभंगला. दोन्हीकडच्या, नांगीने 'कट्' आवाज काढणाऱ्या कोळंब्या आज एकत्र सोडल्या तर बहुतेक जोड्या जमत नाहीत, भांडतात.

काटेसावर: फुटतेच असं नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर अमेरिकेतून आलेल्या स्पार्टिना गवताचा तिथल्या गवताशी संकर झाला. तो वांझ होता. मग त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली, बी धरू लागलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवी जाती उभी राहिली. यात काय फुटलं?

जुनं दप्तर: मग 'उद्भव' घ्या. फुटणं, जुळणं दोन्ही मावतं.

रानवाट: उद्भव रोगाचा होतो. गवताला फुटवेच येतात. मी 'फुटणे' सोडणार नाही.