एरॉसभोवतीची कक्षा २६ किमीवर का मोडते? मदत हवी आहे

नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी एरॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाचे गणित पायथनमध्ये मांडले आहे आणि महिनाभर एकाच ठिकाणी अडलो आहे. सुमारे ३४ किमी लांब, ११ किमी रुंद आणि ५.२७ तासांत स्वतःभोवती फिरणारा एरॉस मी एकसमान घनतेचा दीर्घगोल मानला आहे.

केंद्रापासून २६ किमीवर, विषुववृत्ताच्या पातळीत, एरॉसच्याच परिवलनाच्या दिशेने यान वर्तुळाकार कक्षेत सोडले, की थोड्याच फेऱ्यांत कक्षा लांबट होत जाते आणि यान आदळते किंवा कायमचे निसटते. तेच यान उलट दिशेने सोडले तर कक्षा शांतपणे टिकते. आकडेमोडीतले कालांतर निम्मे करूनही चित्र तेच राहते आणि जाकोबी स्थिरांक (एरॉसबरोबर फिरणाऱ्या चौकटीतली ऊर्जा, जी बदलता कामा नये) ढळत नाही, म्हणून हा आकडेमोडीचा दोष नसावा.

माझ्या हिशेबाने समकालिक कक्षा (जिथे यानाची एक फेरी एरॉसच्या एका परिवलनाइतकाच वेळ घेते) १६ किमीवर येते आणि यानाच्या एका फेरीत एरॉसच्या दोन फेऱ्या होतात ते २:१ अनुनादाचे (म्हणजे दोन्ही काळ साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात येण्याचे) अंतर २५.४ किमी. परिवलनाच्या दिशेने जाताना एरॉसचे लांब टोक यानाखालून सावकाश सरकते आणि त्याची ओढ साठत जाते. उलट दिशेने टोके झरझर निघून जातात आणि ओढींची बेरीज जवळपास शून्य होते. एरॉसभोवती फिरलेल्या निअर शूमेकर यानाची ३५ किमीची कक्षाही उलट दिशेचीच होती.

अडचण पुढे आहे. अनुनाद सिद्ध करण्यासाठी मी लांब अक्षाची दिशा, वजा यानाच्या सरासरी रेखांशाची दुप्पट, अधिक निकटबिंदूची (कक्षेतील एरॉसला सर्वांत जवळच्या बिंदूची) दिशा, हा कोन काढला; अनुनाद असेल तर तो एका मूल्याभोवती झुलत राहायला हवा. तो काही काळ एका मूल्याभोवती झुलतो आणि मग अचानक गोल फिरू लागतो. पण इतक्या जवळ निकटबिंदूची तात्कालिक दिशा एका फेरीतच इतकी थरथरते, की त्या आलेखावर विश्वास ठेवावा की नाही, हे मला ठरवता येत नाही. कक्षेचे घटक प्रत्येक फेरीवर सरासरी करून घ्यावेत, की ते सोडून थेट पॉइन्केअर छेद (मार्ग एका ठरावीक प्रतलाला जिथे जिथे छेदतो त्या बिंदूंचा आलेख) काढावा?

दुसरे असे, की डॉन यान व्हेस्टा या लघुग्रहाभोवती ६८० किमी उंचीवरून २१० किमीवर उतरताना त्याला मुख्यतः १:१ अनुनाद ओलांडायचा होता. येथे मात्र ३:२ हा २१ किमीवर आणि ५:२ हा २९.५ किमीवर, म्हणजे २:१ च्या दोन्ही अंगांना खेटून आहेत. मग कक्षा मोडते ती एकट्या २:१ मुळे, की शेजारचे अनुनाद एकमेकांत मिसळल्यामुळे, हे कोणत्या चाचणीने वेगळे करता येईल?

या विषयात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. सांगाल त्या आरंभस्थितीचे आलेख येथे देईन.