रविवारी भक्ती : वसईच्या मैत्रिणीसाठी

मंडळी, जय ख्रिस्त आणि नमस्कार.

आपली वसईची मैत्रीण गेल्याचं बहुतेकांना कळलंच आहे. मंडळाच्या गणपतीत नारळ खवायला पहिली बसायची ती. नाताळात तिच्या हातचे तळलेले गोल फुगे आपल्यापैकी कोणी खाल्ले नाहीत?

मी नगरची, मिशनच्या प्रोटेस्टंट चर्चमधली, ती कॅथलिक. तिची मिस्सा, आमची उपासना. भांडणंही व्हायची. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं मी कौतुकानं म्हटली की ती लगेच, "आमच्या फादर स्टीफन्सनी 1616 सालीच ओवीतलं ख्रिस्तपुराण छापलं, तुमचे टिळक तीनशे वर्षांनी आले!"

सगळे प्रेमानंच सांगतात, "ती प्रभूकडे गेली, रडू नका." प्रभूकडे गेली यावर माझाही विश्वास आहे. पण योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजराला उठवायलाच निघालेला येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. मित्रासाठी रडला. मग आपणच का हुंदका गिळायचा?

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे भक्ती ठेवली आहे. पेटी आहे, तबला नाही. कोणीही या.

—

ताई, आम्ही दोघं नक्की येतो. एक विचारू का? माळेवरची रोझरी म्हटली तर चालेल? तुमच्याकडे गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

काल तिच्या आईशी बोललो. 2 नोव्हेंबरला आमच्याकडे कबरी साफ करून फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. म्हातारी एकच विचारत होती, "तिकडे तिच्या कबरेवर कोण लावील रे?" मी लावतो म्हणालो. पुढे बोलवेना.

—

दादा, रोझरी खुशाल म्हणा. माळ माझ्या हातात नसेल, पण मी शेजारी बसेन. आमची शिकवण अशी की गेलेलं माणूस देवाच्या हाती सुखरूप आहे, मागणं मागायचं ते मागे राहिलेल्यांसाठी. हे तिला ऐकवलं होतं. त्यावर म्हणाली, "तू नको मागूस, पण तू गेलीस तर मी तुझ्यासाठी मागणारच."

योहानाचा अध्याय तिच्याच सुबोध बायबलमधून वाचू, ते माझ्याकडेच राहिलंय. समासात तिनं पेन्सिलीनं खुणा केल्यात. काही तर चक्क भाजीच्या याद्या आहेत. तेविसावं स्तोत्र तुमचंही आणि आमचंही, तिथे वाद नाही.

मेणबत्ती लावायला जाल तेव्हा मलाही न्या. आईंना सांगा, दोघं जाणार आहेत.

—

ताई, तबला मी आणतो. तुमची भजनं मला ठाऊक नाहीत, पण भजनी ठेका असेल तर निभावून नेईन. वेगळा ताल असेल तर आधी फोनवर गाऊन दाखवा. डग्गा जरा उतरलाय, त्याचं बघतो. हिला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, एक खुर्ची लागेल.