विषय: लिननच्या पडद्यावरचा आपला चौकोन

सचिव, रविवार रात्री

मंडळी, नमस्कार.
शेजारच्या सभागृहातून निरोप आलाय. उत्तर आयर्लंडमधल्या आपल्या या बेलफास्टच्या लिनन कापडाची आठवण म्हणून वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून एक पडदा भरतकामाने भरायचा आहे. आपल्या वाट्याला दीड फुटाचा चौकोन. समितीत गणपतीला पाच मतं पडली, वारलीला चार. हरकत असल्यास बुधवारपर्यंत कळवावी.

लिस्बर्नहून काकू, सोमवार

सचिवसाहेब, हरकत आहे. गणपतीचं लिननशी काय नातं? नातं असलेली वस्तू आपल्या फडताळात बरणीत पडून आहे. जवस! लिनन ज्या झाडाचं, तेच आपलं जवस.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. धान कापायच्या आधी बांधीतल्या ओलीवर जवस फेकायचे. थंडीत निळी फुलं यायची, सकाळी उमललेली, दुपारपर्यंत पाकळ्या खाली. आपण बी खाल्लं, तेल गाळलं. इथल्यांचा डोळा काडीवर. दाट पेरायचं, म्हणजे फांद्या न फुटता सरळ वाढतं. कापायचं नाही, मुळासकट उपटायचं, नाहीतर धागा आखूड पडतो. तेही बी पुरतं पिकायच्या आत. मग पुढच्या पेरणीला बी कुठलं? जहाजातून, पार अमेरिकेहून यायचं. उपटलेल्या पेंढ्या डबक्यात कुजत घालायच्या. अंबाडी कुजवतानाचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

आणि विणलेल्या कापडाची चक्क कुंदी करायचे. कुक्सटाउनजवळ वेलब्रुकची पाण्यावर चालणारी गिरणी नॅशनल ट्रस्टने जपली आहे. रुळावर गुंडाळलेल्या कापडावर लाकडी ठोकळे रांगेने आदळतात, त्यानेच लिननला चकाकी येते. आमच्या ह्यांनी कानात बोटं घातली ती बाहेर येईपर्यंत काढली नाहीत. कुंदी काढणे म्हणजे काय ते तिथे कळलं.

तर, जवसाची फुलं भरू या.

नवा सभासद, सोमवार रात्री

काकू, जवस मान्य. पण निळी फुलं सगळ्यांच्याच चौकोनात येतील. इथल्या असेंब्लीच्या, म्हणजे विधानसभेच्या, बोधचिन्हातही तीच आहेत, सहा. आणि लिननच्या व्यापाऱ्यांचा व्हाइट लिनन हॉल पाडून त्याच जागी 1906 साली बेलफास्टचा सिटी हॉल उभा राहिला, त्या व्यापाऱ्यांची आठवण काढायला कोणी ना कोणी असेलच.

मला गिरणीतल्या मुली हव्यात. बारीक सूत निघावं म्हणून जवसाचा पेळू गरम पाण्यातून काढून कातायचे. खाली फरशीवर सतत पाणी, आणि त्यात या अनवाणी उभ्या. माझी आजी लालबागला वायंडिंग खात्यात होती, त्यामुळे मला आधी पाय दिसतात. चौकोनाच्या खालच्या कडेला चार अनवाणी पाय घेता येतील का?

(बेलफास्टच्या कॉर्नमार्केट चौकातलं 2009 चं पोलादी शिल्पही लिनन आणि जहाजबांधणीची आठवण म्हणून केलेलं. गावाने त्याचं नाव ठेवलं ‘ओनियन रिंग्ज’. आपल्याला काय नाव पडेल देव जाणे.)

काकू, मंगळवार

बाळा, फुलापेक्षा पाऊल अवघड. काल रात्री एक काढून बघितलं. बोटं भरीव टाक्याने भरली तर केळ्यांची फणी दिसते. उसवलं. लिननचे धागे मोजता येतात, म्हणून मोजूनमापून साखळी टाक्याने नुसती कड काढली, आतलं कापड कोरं ठेवलं. आता पाऊल वाटतंय. ओल्या फरशीला फिक्या निळ्याचा धावदोरा पुरे. फुलं वर तीनच, त्यातल्या एकाच्या पाकळ्या पायांशी गळालेल्या.

सचिवसाहेब, मतदान पुरे झालं. शनिवारी अकराला माझ्याकडे या. कात्री आपापली आणा. जवसाची चटणी करून ठेवते, पण ज्वारीचं पीठ संपलंय.

सचिव, मंगळवार रात्री

पीठ मी आणतो. गणपतीवाले पाचही जण तयार आहेत. वारलीवाले रुसलेत, पण भाकरीचं कळल्यावर येतो म्हणाले.