प्रागचे घड्याळ: बाहुल्यांपेक्षा तबकडी पाहावी

‘मिनिटभराच्या बाहुल्यांसाठी एवढ्या गर्दीत थांबणे व्यर्थ आहे’ हा चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्रागच्या खगोलीय घड्याळाविषयी, त्यात दर तासाला फिरणाऱ्या बाहुल्या पाहून आलेल्या एका पर्यटकाने मांडलेला अनुभव मी समजू शकतो, कारण आम्ही पती-पत्नी जूनमध्ये तेथे गेलो तेव्हा पहिल्या दुपारी आमचीही तशीच निराशा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौक रिकामा असताना आम्ही तबकडी निवांत पाहिली आणि १४१० सालच्या या यंत्राचे खरे वैभव कळले. प्रेषितांच्या (येशूच्या बारा शिष्यांच्या) त्या बाहुल्या पुढे कित्येक शतकांनी बसवल्या गेल्या. मूळ रचनेत सूर्य आणि चंद्र बारा राशींच्या वर्तुळातून सरकतात, तर बाहेरच्या कड्यावरील २४ आकडे जुना बोहेमियन (म्हणजे या चेक प्रदेशातील जुन्या पद्धतीचा) काळ दाखवतात, ज्यात तासांची मोजणी सूर्यास्तापासून होत असे. (आपल्या पंचांगातील वार सूर्योदयापासून सुरू होतो, हे पत्नीने तेथेच लक्षात आणून दिले.)

चार्ल्स पुलावरही पहाटेच जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. जूनमध्ये तेथे पाचच्या सुमारास उजाडते, आणि १३५७ साली पायाभरणी झालेल्या त्या पुलावर तेव्हा व्ल्तावा नदीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.