मदत हवी आहे: घाटात पावसात गाडीच्या काचा धूसर होतात

नमस्कार मंडळी. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला आमचं नेहमी जाणं-येणं असतं. घाटात पाऊस लागला की समोरची काच आतून पांढरी होते. गाडीत माय, लेकरं, ओल्या छत्र्या, पायाखाली भिजलेलं मॅट. एवढी वाफ थंड काचेवर धरणारच. एसी लावून हवा काचेकडे वळवली अन् बाहेरची हवा आत घेतली की काच मोकळी होते. पण थोड्या वेळानं उलटंच! काच गार पडते अन् बाहेरून धूसर होते. समोरचं वायपरनं निघतं, बाजूच्या काचा अन् आरसे मात्र तसेच. वळणावर समोरून एसटी आली की जीव वर येतो, मागं लेकरं बसलेली असतात.

फडक्यानं पुसलं तर चट्टे राहतात, रात्री समोरच्या दिव्यात तेच चमकतात.

घाटात एसी किती गार ठेवता? आतून लावायचं अँटी-फॉग कोणी वापरलं का, किती टिकतं? शेव्हिंग फोम चोळून पाहिला का कोणी? मागच्या काचेला डिफॉगर (काच तापवून वाफ घालवणाऱ्या तारा) नाही, तिथं काय करावं? तंबाखू चोळायचं बरेच जण सांगतात, पण ते बाहेरच्या पाण्यासाठी, आतल्या वाफेसाठी नाही. स्वतः करून पाहिलेलंच सांगा, लई उपकार होतील.